सगळ्या तारा एकदम

श्राद्धाचं जेवण जेवलेल्या माणसाला दुपारी भांडता येऊ नये, एवढी तरी सोय पूर्वजांनी करून ठेवायला हवी होती. पोटात वडे, खीर, आमसुलाची चटणी आणि बाहेर नांदेडचं वैशाखातलं ऊन. एवढ्यावर कुणीही पंख्याखाली आडवं व्हावं. पण अण्णांचं वर्षश्राद्ध उरकलं, श्राद्धाचे ब्राह्मण जिना उतरले, आणि अण्णांचा लेक राघवेंद्र याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये हात वाळायच्या आत संतूरचा विषय निघाला.

संतूर आतल्या खोलीत होतं आणि त्याच्यासमोर चंद्रप्पा मांडी घालून बसले होते. उदगीरचे निवृत्त संगीतशिक्षक, अण्णांचे सगळ्यांत जुने शिष्य. अण्णा गेल्यापासून त्या तारांना कुणी हात लावला नव्हता. वाद्य दुसऱ्याच्या हाती द्यायचं तर सुरात लावूनच द्यायचं, ही अण्णांच्या घरची रीत. म्हणून चंद्रप्पा दीड तास एकेक खुंटी पिळत होते आणि एकेक तार कलमानं ठोकून बघत होते. कलम म्हणजे टोकाला वळलेली लाकडाची हलकी काडी, दोन हातांत दोन. "टिण्" असा आवाज यायचा, मग शांतता, मग तोच "टिण्" केसभर वर.

"घरात ठेवून काय करायचं ते सांगा," राघवेंद्र म्हणाला. तो पाटबंधाऱ्यात इंजिनिअर. कुठल्याही वस्तूकडे तो आधी ती हलवायची कशी या नजरेनं बघतो. "चंद्रप्पा घेऊन जातील. तिकडं चार पोरं तरी शिकतील. इथं नुसतं बसून राहिलंय ते."

"बसून राहिलं असतं तर माझी तक्रार नव्हती," त्याची बायको राजश्री म्हणाली. "सकाळी वड्याची डाळ वाटायला मिक्सर लावला, तर आतून गुणगुणलं. मी एकटी असले ना घरात, धडकी भरते मला."

"आई, एकच तार वाजली असेल," उर्वी म्हणाली. राघवेंद्रची ही पंधरा वर्षांची लेक सकाळपासून चंद्रप्पांना चिकटून होती. "मिक्सरचा सूर अन् त्या तारेचा सूर जुळला की ती आपोआप बोलते. काकांनी दाखवलं मला. तेवढीच बोलते, बाकीच्या गप्प. त्यात भुताटकी न्हाई काही. आणि मला शिकायचंय, तर देऊन कशाला टाकता?"

"दहावी हाय तुझी," राघवेंद्र म्हणाला. या एका वाक्यानं आजवर किती वाद्यं गप्प झाली असतील कोण जाणे.

"पोरगी म्हणते तर राहू दे की!" कोपऱ्यातल्या खुर्चीतून अंबूआत्यानं सूर लावला. अण्णांची ही धाकटी बहीण, वय चौऱ्याहत्तर. गुडघ्यांनी संप पुकारला होता, जिभेनं नाही. "जुनं भूकंपात गाडलं गेलं, तर माझ्या भावानं मिरजेला दोन महिने मुक्काम ठोकून करून घेतलं ते. रोज पहाटे उठून शंभर तारा लावायचा. तीस वर्षं! लेकीच्या लग्नादिवशीबी चुकला न्हाई. ते घरातून हलवू नका म्हणून मला सांगून गेला तो. विनू, तू का गं मुकी बसलीस? तुझा बाप हाय, बोल की!"

सगळे विनीताकडे बघायला लागले. लातूरहून सकाळच्या गाडीनं आलेली, तिथल्या एका शाळेत भूगोल शिकवणारी विनीता ही या घरची हक्काची मवाळ बाजू. ती आत्याच्याच पारड्यात बसणार, असं राघवेंद्रनं गृहीतच धरलं होतं.

"देऊन टाका," विनीता म्हणाली. "आजच."

आत्याचं तोंड उघडं राहिलं. राजश्रीनं नणंदेकडे असं पाहिलं, की सतरा वर्षांत पहिल्यांदा तिला ही बाई आवडली असावी.

संतूर या घरातून जावं असं विनीताला मनापासून वाटत होतं, आणि त्याचं कारण तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. तेरणेकाठचं त्यांचं गाव ज्या पहाटे भूकंपात पडलं तेव्हा ती दहा वर्षांची होती. गणपती बोळवून गाव गाढ झोपलेलं. अण्णा आणि राघवेंद्र अंगणात बाजांवर, ती आणि आई आत. आदल्या संध्याकाळी तिनं अण्णांची नजर चुकवून संतूरची पेटी उघडली होती, चोरून वाजवलं होतं आणि झाकण लावायची विसरली होती. अण्णांचा त्या वाद्याला हात लावायचा सक्त मनाई हुकूम. पहाटे तिला जाग आली ती संतूरच्या आवाजानं. खोलीत कुणी नव्हतं आणि संतूर वाजत होतं. आता अण्णा उठणार, उघडी पेटी बघणार आणि आपली चामडी लोळवणार, एवढंच तिच्या डोक्यात आलं. तिनं दोन्ही तळहात तारांवर दाबून धरले. तारा तिच्या हाताखाली मुंग्यांसारख्या चालत राहिल्या. मग आपोआप थांबल्या. ती घाबरली, उठली, आईचे पाय अलगद ओलांडून, आईला जाग येऊ नये म्हणून श्वास रोखून, दार लोटून बाहेर आली आणि अण्णांच्या शेजारी झोपेचं सोंग घेऊन पडली. आणि मग घर खाली बसलं.

आईला जाग येऊ नये म्हणून तिनं श्वास रोखला होता. तीस वर्षं हे एक वाक्य तिच्या छातीवर बसून होतं. अण्णांनी पुढं तिला कधी शिकवलं नाही, तिच्या डोळ्याला डोळा भिडवून कधी धड बोललेही नाहीत. अण्णांना कळलं आहे, याबद्दल तिला शंका नव्हती.

"लागलं बगा," आतून चंद्रप्पांचा आवाज आला. ते संतूर दोन्ही हातांवर, तान्ह्या मुलाला आणावं तसं बाहेर घेऊन आले आणि त्यांनी ते हॉलमध्ये सतरंजीवर ठेवलं. "वर्षभर उतरलेल्या तारा, पर लई इमानी. तीन सोडल्या तर बाकी मुकाट आल्या सुरात. गुरुजींच्या फोटोसमोर थोडं वाजवतो, मग न्यायचं का ठेवायचं ते तुम्ही ठरवा."

त्यांनी बोटांच्या बेचक्यात कलमं धरली आणि दुपारचा एक राग हळूच छेडला. वाजवणं म्हणजे तारांवर घाव घालणं. पण जुन्या हाताचा घाव ऐकणाऱ्याला कळत नाही, नुसता सूर सांडत जातो. तेवढ्यात लाइट गेली. पंखा, कूलर, फ्रिज सगळं एकदम बंद पडलं. वैशाखात नांदेडला लाइट गेली तर कुणी मानही वर करत नाही. चंद्रप्पांनी समेवर येऊन हात थांबवले, कलमं बाजूला सतरंजीवर ठेवली, आणि तळवे गुडघ्यांवर टेकून फोटोला नमस्कार केला.

शेवटचा सूर विरत विरत गेला. जायला पाहिजे होता तेवढा गेला. मग तो जिथं संपला तिथूनच दुसरं काहीतरी सुरू झालं.

आधी ते कानाला कळलंच नाही. उर्वीला ते दिसलं. "काका, तारा बघा," ती म्हणाली. तारा हलत होत्या. खर्जापासून टिपेपर्यंत सगळ्या, जागच्या जागी, उन्हात रस्ता हलताना दिसतो तशा. आणि मग आवाज वर आला. त्यात ना राग होता ना ताल. सगळे सूर एकमेकांच्या अंगावर चढून एकच भरड घुमारा करत होते.

"मिक्सर चालू राहिला का गं?" राघवेंद्र म्हणाला.

"लाइट न्हाई," राजश्री म्हणाली. तिचा हात आपोआप उर्वीच्या दंडाकडे गेला.

"मग खाली रस्त्याचं काम असेल. रोलर आला असेल."

उर्वी हात सोडवून बाल्कनीत जाऊन आली. "रस्त्यावर कुत्रंसुद्धा न्हाई, बाबा."

"रोलरचा एक सूर असतो हो साहेब," चंद्रप्पा म्हणाले. "एका सुराला एक तार बोलती. फार तर दोन. ह्या समद्या बोलून राहिल्यात." त्यांनी दोन्ही हात तारांवर टेकवले आणि चटका बसल्यासारखे मागे घेतले. "थांबंना झालंय."

विनीता दरवर्षी नववीच्या वर्गाला एक वाक्य अधोरेखित करायला लावते: भूकंपाचं भाकीत करता येत नाही. परीक्षेत त्याला एक गुणही असतो. ती उठून उभी राहिली.

"खाली चला. सगळे. आत्ताच."

"काय झालं?"

"दादा, वाद घालू नको. वहिनी, उर्वीला घ्या. लिफ्ट बंद हाय, आत्याला मी आणि चंद्रप्पा धरतो."

"अगं पण कशासाठी?" राघवेंद्र हसायला बघत होता. "तारा हलल्या म्हणून? तू भूगोलाची बाई आहेस, विनू. लोक काय म्हणतील, भर दुपारी अख्खं घर जिन्यात!"

आणखी एकदा गप्प बसणं किती सोपं होतं! रोलर असेल, कबुतरं असतील, म्हातारीला उन्हात कशाला न्यायचं. विनीताला स्वतःची मनापासून किळस आली.

"कारण मी हे ऐकलंय," ती म्हणाली. "गाव पडलं त्या पहाटे. असंच वाजत होतं. मी जागी होते, दादा. मला वाटलं मी पेटी उघडी ठेवली म्हणून वाजतंय, अण्णा मारतील. मी बाहेर पळाले. आईला उठवलं नाही."

संतूर घुमत होतं. सगळ्यांत आधी हलली ती राजश्री. या घरातली सर्वांत व्यवहारी बाई. तिनं ना नवऱ्याकडे पाहिलं ना दाराला कुलूप शोधलं. लेकीचं मनगट धरलं आणि अनवाणी जिना उतरायला लागली. जाता जाता तिनं समोरचं दार, खालचं दार, प्रत्येक दार थापटलं. "खाली या हो, खाली या!"

राघवेंद्र मात्र होता तिथंच बसून राहिला. त्याचा चेहरा चौदा वर्षांच्या पोराचा झाला होता.

"तू आईला उठवलं न्हाईस," तो म्हणाला.

"न्हाई."

"तू आईला ओलांडून आलीस."

"दादा, खाली चल. मग मला काय बोलायचं ते बोल."

"तू जा," तो म्हणाला. "तुला येतं तसं जायला."

विनीतानं आत्याला धरलं. दुसऱ्या बाजूनं चंद्रप्पांनी. तीन मजले, पायरीमागं पायरी, म्हातारीच्या गुडघ्यांच्या चालीनं. जिन्यातही तो घुमारा येत होता. भिंतीला हात लावला की तळव्याला कळत होता. आत्या धापा टाकत होती. दुसऱ्या मजल्यावर ती थांबली.

"चला ना आत्या!"

"चालून राहिले की! ऐक आधी. मेले म्हंजे राहून जाईल." तिनं विनीताचं मनगट घट्ट धरलं. "तुझ्या बापानंबी ऐकलं होतं."

विनीताला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"बाजेवर जागा होता तो. त्याला वाटलं, तूच वाजवून राहिलीस चोरून. ‘पोरीचा हात बसून राहिलाय, वाजवू दे,’ म्हणून ऐकत पडला. तू शेजारी येऊन निजलीस, तर यानंबी झोपेचं सोंग घेतलं. मागून उमगलं त्याला. दोन हातांत दोन कलमं, एका वेळी दोन सूर. त्या पहाटे समद्या तारा एकदम बोलल्या होत्या. एवढा वाजवणारा माणूस, अन् त्याला तेवढं कळू नये? जन्मभर कपाळ बडवत राहिला. पुन्हा बोललं तर ऐकायला म्हणून रोज लावून ठेवायचा. ‘अंबू, त्या पोरीला तोंड दाखवायची लाज वाटते,’ म्हणायचा. तुला न्हाई सांगायचं म्हणून शपथ घातली मला."

तीस वर्षं एका घरातली दोन माणसं एकमेकांची नजर चुकवत राहिली होती, आणि दोघंही एकाच गोष्टीसाठी! विनीताला अण्णांची भयंकर दया आली आणि त्याहून भयंकर राग आला. एकदा बोलले असते अण्णा. एकदा. पण ती तरी कुठं बोलली होती?

खाली इमारतीसमोरच्या मोकळ्या जागेत लिंबाच्या झाडापासून लांब राजश्री आणि उर्वी उभ्या होत्या. आणखी दहा-पंधरा माणसं झोपमोड झाल्यानं कुरकुरत उभी होती. "काय गॅस-बिस गळाला का?" कुणीतरी विचारत होतं. आत्याला एका स्कूटरच्या सीटवर टेकवलं. राजश्री विनीताच्या मागे बघत होती.

"वन्सं," ती म्हणाली, "हे कुठं हायेत?"

विनीता वळली. मागून चंद्रप्पा ओरडले, आत्या ओरडली, तिनं ऐकलं नाही. तीन मजले ती दोन-दोन पायऱ्या टाकत चढली. रिकाम्या जिन्यात आवाज आता इतका भरला होता, की आपल्या चपला वाजताहेत की नाहीत ते तिला कळेना. पहिल्या मजल्यावर कुणाच्या तरी उघड्या दारातून ताटवाट्या मांडणीत किणकिणताना ऐकू आल्या.

हॉलमध्ये राघवेंद्र अण्णांच्या फोटोसमोर बसला होता. त्याचे दोन्ही तळहात तारांवर दाबलेले होते.

"थांबत न्हाई गं," तो म्हणाला. "मी किती वेळ दाबून धरून राहिलोय."

"मला माहीताय. ऊठ."

"मी बाहेरच होतो, विनू. मला जाग आली न्हाई. एवढं वाजत होतं अन् मला साधी जाग आली न्हाई?"

म्हणजे याच्याही छातीवर होतंच काहीतरी. विनीता त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली. तिला दाराकडे पळावंसं वाटत होतं. पायांना वाट पाठ होती.

"अण्णांना आली होती," ती म्हणाली. "आत्यानं सांगितलं आत्ता. त्यांनी ऐकलं आणि त्यांना वाटलं, मी वाजवतेय. आपण तिघंही तिथंच होतो, दादा. आता तू ऊठ. उठला न्हाईस तर मी इथंच बसते. मी या वेळी एकटी जाणार न्हाई."

राघवेंद्रनं तिच्याकडे पाहिलं. बहीण खरं बोलते आहे हे त्याला पटलं असावं. तिनं खरोखरच मांडी घातली होती.

त्याच वेळी त्याच्या हाताखाली संतूर थांबलं.

थांबलं म्हणजे विरलं नाही. कुणी तोंडावर हात ठेवावा तसं गप्प झालं. खिडकीत एक कबुतर होतं, तेही उडालं. एवढी शांतता विनीतानं आयुष्यात एकदाच ऐकली होती. ती शांतता किती टिकते, ते तिला ठाऊक होतं: आईच्या पायांपासून अंगणातल्या बाजेपर्यंत, आणि पांघरूण ओढून डोळे मिटेपर्यंत.

तिनं भावाचा हात धरला आणि दोघं पळाले. पंचेचाळीस वर्षांचा इंजिनिअर आणि एक्केचाळीस वर्षांची बाई, एकमेकांचा हात न सोडता, कठड्याला आपटत, तीन मजले. शेवटच्या पाच पायऱ्या राघवेंद्रनं उडी मारून पार केल्या आणि तिलाही ओढलं. ऊन डोळ्यांवर आलं. आणि जमिनीच्या पोटात दूर कुठेतरी लाकडी गाडा खडकावरून गेल्यासारखा आवाज झाला, आणि पायाखालची माती हलली.

स्कूटरी एकीवर एक पडल्या. चंद्रप्पांनी आत्याला मिठी मारून धरलं होतं. वरच्या पाण्याच्या टाकीतून पाणी हिंदकळून भिंतीवरून खाली आलं. बायका किंचाळल्या, आणि त्या सगळ्या आवाजात विनीताला शेजारून स्पष्ट ऐकू आलं, की तिचा भाऊ "आई, आई" म्हणून हाका मारतो आहे. चार-पाच सेकंद असतील. मग सगळं जागच्या जागी आलं.

इमारत उभी होती. दुसऱ्या मजल्याच्या सज्जाचा गिलावा थोडा पडला होता, एवढंच. लोक आधी देवाचं नाव घेत होते, मग मोबाइलवर नातलगांना फोन लावू लागले, आणि पाचव्या मिनिटाला कुणीतरी हसलंसुद्धा. अर्धापूरलाही जाणवला म्हणे, कंधारलाही. कुणाला काही झालं नाही. राजश्री नवऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून उभी होती आणि तिच्या हातातून उर्वीचं मनगट अजून सुटलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं राघवेंद्र विनीताजवळ आला. त्यानं वर, आपल्या खिडकीकडे पाहिलं.

"वर बसलो असतो तरी काही झालं नसतं मला," तो म्हणाला.

"हाव."

"वाचलो असतो."

"हाव, दादा."

"पण तू वर आलीस," राघवेंद्र म्हणाला.

विनीता तिथंच, पडलेल्या स्कूटरींच्या मधे, मातीत बसली आणि सगळ्या लोकांदेखत आईसाठी मोठ्यानं रडली.